रुमालाखालची किल्ली

भिंतीपलीकडून हसणं ऐकू आलं की कौस्तुभ हुपरीकरच्या हातून हमखास काहीतरी चुकायचं. कधी संगणकाला द्यायच्या आज्ञेतला एखादा शब्द गाळला जायचा, कधी भलतीच फाइल उघडायची. हसणं त्याच्या बायकोचं असायचं, आणि तिला हसवणारा तो नसायचा.

मिरजेतलं 'वाचासदन' तसं आटोपशीर केंद्र. पुढे उपचारांच्या खोल्या, मागे सर्व्हरची थंडगार खोली, आणि मध्ये एक पातळ भिंत. पक्षाघातानं ज्यांची वाचा गेली त्यांना इथे यंत्राच्या मदतीनं बोलतं करायचे. सर्व्हर सांभाळायचं काम कौस्तुभचं. त्याची बायको ऋजुता ही इथली पहिली पेशंट. आणि तिला शिकवायला होता शार्दूल बेडकिहाळ, पस्तिशीचा, शांत डोळ्यांचा स्पीच थेरपिस्ट. रोज संध्याकाळी तासभर दोघं त्या भिंतीपलीकडे बसायची. तो तिला ताई म्हणायचा. पण ज्याच्या पोटात दुखायला लागलं आहे त्याला असल्या औषधानं काय गुण येणार? ताई म्हणतो, म्हणजे नक्कीच काहीतरी झाकायचं असणार, असा कौस्तुभचा हिशोब होता.

आता ही ऋजुता कोण, तर सांगलीच्या हळद बाजारातल्या जुन्या अडतदारांची लेक. वडिलांच्या पश्चात तिनं स्वतः सौदे पुकारले. ती ओट्यावर उभी राहून भाव पुकारायला लागली की समोरचे व्यापारी आधी घाम पुसायचे, मग बोली लावायचे. अशा बाईची जीभ एका सकाळी चहा पिता पिता लुळी पडली. उजवा हातही गेला. अर्थ शाबूत, शब्द शाबूत, फक्त मेंदूकडून जिभेकडे जाणारा रस्ता खचला.

त्या खचलेल्या रस्त्याला वळसा घालणारं यंत्र म्हणजे वाचापट्टा. एक पट्टा गळ्याभोवती, एक केसांखाली. माणूस शब्द उच्चारायचं मनात आणतो तेव्हा मेंदूचा एक भाग ओठांना, जिभेला, घशाला हुकूम सोडतो. स्नायू हलोत न हलोत, हुकूम सुटतो. पट्टा ते हुकूम टिपतो आणि सर्व्हरकडे पाठवतो. सर्व्हरवरचा प्रोग्रॅम त्यांचे शब्द बनवतो, आणि कॉलरला लावलेल्या बटणाएवढ्या स्पीकरमधून ते ऐकू येतात. यात गोम एकच. प्रत्येकाचे हुकूम वेगळे. 'पाणी' म्हणताना तुमच्या मेंदूत जे घडतं ते माझ्या मेंदूत घडत नाही. म्हणून प्रत्येक माणसाचा साचा शब्दाशब्दानं घडवावा लागतो. इतर पेशंट अलीकडेच आलेले, त्यांचे साचे जेमतेम बाळसं धरत होते. ऋजुताचा साचा घडायला वर्ष लागलं होतं, आणि ते वर्ष शार्दूलनं तिच्यासमोर बसून काढलं होतं.

घरी मात्र ती पट्टा काढून ठेवायची. कौस्तुभला वाटायचं, थकत असेल. शिवाय घरी तिला बोलायची गरजच काय? ती ओठ हलवून 'च' म्हणाली की तो चहा ठेवायचा. 'प' म्हणाली की पंखा लावायचा. तिला पंखा हवा होता की पाणी की पडदा ओढून हवा होता, हे विचारायच्या आत पंखा फिरायला लागलेला असायचा. दुसऱ्याचं वाक्य पुरं करायची खोड त्याला लग्नाआधीपासून होती. तेव्हा ऋजुता इतकी झपाट्यानं बोलायची की त्याला संधीच मिळायची नाही. आता मिळत होती. तो याला प्रेम म्हणत होता, आणि ते खोटं होतं असंही नाही.

त्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर नवा कायदा लागू व्हायचा होता. क्वांटम संगणकांनी परदेशातल्या काही कंपन्यांची जुनी डिजिटल कुलपं फोडली होती. मोठाल्या संख्यांच्या गणितावर उभी असलेली ती कुलपं साध्या संगणकाला फोडायला युगं लागली असती, क्वांटम संगणकानं ती शेंगा फोडाव्यात तशी फोडली. तेव्हापासून माणसाच्या मेंदूतून निघालेला मजकूर ज्या सर्व्हरवरून जातो, त्याला 'कठोर मानक' पाळणं सक्तीचं झालं. वाचापट्ट्याच्या बाबतीत तर ते फारच गरजेचं होतं, कारण पट्टा नुसतं बोललेलंच टिपत नव्हता. ओठांवर येऊन परत गेलेले शब्दही टिपत होता.

केंद्राच्या प्रमुख डॉ. वैजयंती आरवाडे यांनी कौस्तुभला सांगितलं, हे सगळं पेशंटना समजेल असं सांग. त्याला उदाहरण शोधायला लांब जावं लागलं नाही. ऋजुताच्या पणजोबांच्या काळी हळदीचा सौदा रुमालाखाली व्हायचा. अडत्या आणि व्यापारी हातात हात घ्यायचे, वर रुमाल टाकायचे आणि बोटं दाबून भाव ठरवायचे. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच कळायचा. ती बोटांची भाषा घरात खेळ म्हणून उरली होती, आणि लग्नानंतर ऋजुतानं ती कौस्तुभला शिकवली होती. लग्नकार्यात कंटाळा आला की ती पदराखाली त्याचा हात धरून दाबायची, आणि दोघं सटकायची.

"कठोर मानक म्हणजे असा रुमाल," तो पेशंटना म्हणाला. मग त्यानं सर्व्हरच्या कपाटातली पोलादी पेटी दाखवली. प्रत्येकाच्या साच्याला एक गुप्त किल्ली. ती या पेटीतच जन्मते आणि पेटीबाहेर कधीच येत नाही. सर्व्हरनं फक्त ठरवून दिलेलीच कुलपं वापरायची, दुसरं कुठलंही कुलूप दिसलं की चालू व्हायलाच नकार द्यायचा. रोज सुरू होताना स्वतःची परीक्षा घ्यायची, उत्तर माहीत असलेलं एक गणित सोडवायचं, आणि ते चुकलं तर तोंड मिटून बसायचं. नोंदवहीत साध्या भाषेतलं एक अक्षरही उरू द्यायचं नाही. आणि पेटीला कुणी हात घातला, भोक पाडलं, तापवलं किंवा गोठवलं, तर तिनं पोटातल्या सगळ्या किल्ल्या त्या क्षणी पुसून टाकायच्या.

"मग तुम्हीपण नाही वाचू शकणार?" एका पेशंटनं विचारलं.

"मीसुद्धा नाही," कौस्तुभ म्हणाला. पहिल्या रांगेत बसलेली ऋजुता त्याच्याकडे बघून हसली. पुष्कळ दिवसांनी ते हसू त्याच्या वाट्याला आलं होतं.

ते हसू जपून ठेवायचं सोडून त्या पठ्ठ्यानं काय केलं असेल?

सर्व्हरच्या मांडणीत एक कळ बदलायची राहिली होती. सुरुवातीपासून चुका शोधायला म्हणून सर्व्हर एक तपशिलाची नोंद लिहायचा. त्यात प्रत्येक सत्राचा शब्द न् शब्द, शिकवणाऱ्याच्या प्रश्नांसकट, साध्या मराठीत असायचा. उच्चारलेला काळ्या अक्षरात, न उच्चारलेला राखाडी. कौस्तुभनं ती आजवर कधी उघडली नव्हती. कळ फिरवली की ती कायमची बंद होणार होती, म्हणजे उघडायची तर आत्ताच. भिंतीपलीकडून हसणं आलं. अंगाचा तिळपापड झाला. तपासून बघायला हवं, असं स्वतःला सांगत त्यानं नोंद उघडली.

शार्दूलनं विचारलं होतं, घरी किती बोलता? ऋजुताचं उत्तर काळ्या अक्षरात होतं. 'घरी नाही बोलत. तो माझी वाक्यं पुरी करतो. प्रेमानं करतो, म्हणून सांगता येत नाही.' आणि त्याखाली, ओठांवरून परतलेलं, राखाडी, 'तू थांबतोस. तू थांबतोस ते मला फार आवडतं.'

समजूतदार माणूस पहिल्या ओळीपाशी अडखळला असता. कौस्तुभ अडकला शेवटच्या शब्दापाशी. आवडतं! आणि नुसतं नाही, फार! ज्या माणसाशी ती अहो-जाहो करते त्याला मनातल्या मनात ती 'तू' म्हणते! त्यानं नोंद बंद केली, पुन्हा उघडली, पुन्हा वाचलं. त्या दिवशी घरी जाताना तो गाडीत एक अक्षर बोलला नाही, आणि ऋजुताला वाटलं, चला, आज बडबड नाही, बरं झालं.

मग सुरू झाली खरी तगमग. कळ फिरवल्यावर पुढचं कळणार कसं? आज 'आवडतं', उद्या काय? नव्या पेटीत किल्ल्या घडवायचं काम त्याचंच होतं. किल्ली घडवताना पेटी विचारते, ही बाहेर नेता येऊ द्यायची का? मानक सांगतं, नाही. एकदा 'नाही' म्हटलं की ते पुन्हा कुणालाच 'हो' करता येत नाही. सगळ्या पेशंटच्या किल्ल्यांना कौस्तुभनं नीट 'नाही' म्हटलं. ऋजुताच्या किल्लीपाशी आला आणि 'हो' म्हणाला. अंगठ्याएवढ्या पेनड्राइव्हवर नक्कल उतरवून घेतली आणि मगच 'नाही' केलं. नंतर नोंदीची कळ फिरवली, सर्व्हर पुन्हा सुरू केला. त्यानं परीक्षा दिली, गणित बरोबर सोडवलं आणि हिरवा दिवा लावला. तपासनीस आले, बघून गेले, शाबासकी देऊन गेले. कागदोपत्री रुमाल पक्का होता. फक्त रुमालाखाली तिसरा हात होता आणि तो नवऱ्याचा होता.

पेटीची एक जोड यायची होती, किल्ल्या पेटीतून थेट पेटीत उतराव्यात आणि एकीला काही झालं तर दुसरीत असाव्यात म्हणून. ती दिवाळीनंतर येणार होती. तोवर सांभाळून राहायचं असं ठरलं.

आणि आली खंडेनवमी.

आपल्याकडे त्या दिवशी सुतार करवतीची पूजा करतो, ड्रायव्हर गाडीला हार घालतो, तसा वाचासदनात सर्व्हरला झेंडूचा हार पडायचा. आजवर पूजा कौस्तुभ करायचा. त्याची एक पद्धत होती. कपाटाचं दार बंदच ठेवायचं, बाहेरून हळदकुंकू लावायचं, आरती उंबऱ्यावरूनच ओवाळायची. कपाटातले पंखे समोरची हवा खेचून घेतात, ज्योत जवळ नेली तर धग आत जाणार, हे त्याला माहीत होतं. कुणी विचारलं नाही म्हणून त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी डॉक्टर म्हणाल्या, "यंदा पूजा शार्दूल करेल. सगळ्यांना बोलतं केलं त्यानं."

कौस्तुभच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सर्व्हर माझा, मानक मी बसवलं, आणि मान याला? त्यानं रेशमी कुर्त्याच्या खिशात हात घातला. पेनड्राइव्ह तिथेच होता. आजकाल तो सगळीकडे बरोबर असायचा. हाताची घडी घालून तो भिंतीला टेकून उभा राहिला.

शार्दूलनं भाबडेपणानं कपाटाचं दार उघडलं. सगळ्यांचा आवाज आतल्या पेटीत राहतो, मग पूजा पेटीचीच करायला हवी, असं त्याचं म्हणणं होतं. सगळ्यांना ते पटलं. पेटीवर कुंकवाचं बोट टेकलं. तबकात कापूर पेटला. शार्दूल वाकला आणि तबक पेटीच्या तोंडाशी नेलं. ज्योत पंख्याकडे झुकली.

कौस्तुभला ते दिसलं. 'मागे घे' एवढंच म्हणायचं होतं. आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडचं बोलणं पळवणारा हा माणूस त्या वेळी मूग गिळून उभा राहिला. मुद्दाम? नंतर त्यानं स्वतःला पुष्कळदा विचारलं. करू दे चूक, बघू दे सगळ्यांना, एवढं त्याच्या मनात आलं होतं खरं. चूक केवढी असेल, हे त्याला सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं हेही खरं.

ऋजुता समोरच्या खुर्चीत बसली होती, डाव्या हातात फुलं घेऊन. तिच्या कॉलरवरचं बटण बोलत होतं. "शार्दूल, उदबत्ती राहिली, ती आधी—"

आणि वाक्य तिथेच तुटलं. पेटीवरचा दिवा लाल झाला. पेटीला वाटलं, कुणीतरी आग लावून आपल्याला फोडतंय. तिला शिकवलं होतं तेच तिनं केलं.

ऋजुतानं पुन्हा ओठ हलवले. बटणातून काही आलं नाही. खोलीतल्या इतर पेशंटची बटणंही गप्प झाली होती. सर्व्हर बंद करून चालू केला तर तो परीक्षेतच नापास झाला आणि तोंड मिटून बसला. साचे सगळे जागच्या जागी होते, पण कुलपात. सगळ्यांच्या लेखी किल्ल्या जगात कुठेच उरल्या नव्हत्या. इतरांचं काही आठवड्यांचं काम गेलं, ते भरून निघालं असतं. ऋजुताचं वर्ष गेलं.

शार्दूल तबक हातात घेऊन तसाच उभा राहिला. कुणीतरी त्याच्या हातातून ते काढून घेतलं.

"कौस्तुभ, दुसरी प्रत?" डॉक्टरांनी विचारलं.

"जोड पेटी दिवाळीनंतर येणार होती."

"म्हणजे काहीच नाही?"

"नाही," तो म्हणाला. पेनड्राइव्ह छातीशी होता. आणि खरं सांगायचं तर त्या घडीला त्याला भीती वाटली नाही, पश्चात्ताप तर नाहीच नाही. भिंतीपलीकडचं हसणं बंद झालं, एवढंच त्याच्या मनात आलं. गाडीतून घरी जाताना ऋजुता खिडकीबाहेर बघत रडत होती आणि हा माणूस शेजारी बसून जवळजवळ सुखात होता. त्याची त्याला लाज वाटायला अजून एक दिवस जायचा होता.

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी शार्दूल आपट्याची पानं घेऊन घरी आला. कौस्तुभच्या हातावर पानं ठेवून वाकला, मग ऋजुतासमोर जमिनीवरच बसला. सोनं घ्या म्हणायला गेला आणि त्याचाच आवाज फुटेना. ऋजुतानं डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. तिसरा दारात उभा राहून जळत होता.

शेवटी शार्दूल म्हणाला, पहिल्या शब्दापासून करू. तासाऐवजी रोज दोन तास बसू. वर्ष लागलं तर लागू दे. ऋजुतानं मान डोलावली.

कौस्तुभच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे देवा! हे बंद कुठे झालं? हे तर दुप्पट झालं! साचा शाबूत असता तर ऋजुताचं शिकणं दिवाळीपर्यंत संपणार होतं, डॉक्टरच म्हणाल्या होत्या. आता आणखी एक वर्ष, तेही रोज दोन तास. किल्ली त्याच्या खिशात होती. ती दिली तर शार्दूलचं काम संपलं. चांगुलपणानं त्यानं तोंड उघडलं असं कुणी समजू नये. त्याच्याकडून खरं बोलवून घेतलं तेही मत्सरानंच.

शार्दूल गेल्यावर त्यानं पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला. "तुझी किल्ली माझ्याकडे आहे. उद्या तुझा आवाज परत येईल."

ऋजुताचा चेहरा असा उजळला की त्याला वाटलं, जिंकलो. पण हळद बाजारात वाढलेली बाई ती, समोरच्याच्या चेहऱ्यावरून माल ओळखणारी. किल्ली पेटीबाहेर येत नाही हे पहिल्या रांगेत बसून तिनं याच्याच तोंडून ऐकलं होतं. उजळलेला चेहरा हळूहळू मावळला. तिनं पाटी ओढली आणि डाव्या हातानं लिहायला घेतलं. 'क' एवढं अक्षर उमटलं.

"कधी म्हणतेस? उद्या सकाळीच, मी—"

तिनं पेन्सिल पाटीवर आपटली. तिनं सावकाश पुढची अक्षरं काढली. 'कशी?'

मग त्याला सांगावं लागलं. नोंद उघडल्याचं सांगितलं, राखाडी ओळी वाचल्याचं सांगितलं. तिच्याच किल्लीपाशी 'हो' म्हटल्याचं सांगितलं. कापराची ज्योत झुकताना दिसली होती आणि आपण बोललो नाही, हेही सांगितलं. ते सांगायची सक्ती नव्हती, पण बोलायला लागल्यावर थांबता येईना. ती ऐकत होती. मध्येच तो म्हणाला, राग येणं साहजिक आहे, तुला असं वाटत असेल की... आणि स्वतःच थबकला. तिला काय वाटत असेल हे त्याला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला ते कळलं.

तिनं पाटी पुसली. लिहिलं, 'राखाडीतलं खरं आहे. तो थांबतो. मला आवडतं.' पाटी त्याच्याकडे वळवून धरली, त्यानं नीट वाचेपर्यंत. काळ्या पाटीवर ती अक्षरं पांढरीशुभ्र होती आणि पूर्वीइतकीच झोंबली.

मग टेबलावरचा हात पुसायचा रुमाल तिनं उचलला, त्याचा हात धरला आणि वर रुमाल टाकला. रुमालाखाली तिनं मूठ वळली आणि त्याच्या तळव्यावर दाबली. त्या भाषेत याचा अर्थ, सौदा मोडला.

"अगं, पुन्हा वर्ष जाईल. आत्ता हाताशी आहे ते..."

मूठ पुन्हा दाबली गेली, आधीपेक्षा जोरात. जी किल्ली दुसऱ्याच्या खिशात फिरली त्या किल्लीनं बोलायचं नव्हतं तिला. त्यापेक्षा मुकं राहणं परवडलं. हे तिनं लिहून दिलं नाही, पण त्याला समजलं, आणि समजलं तरी या खेपेला ते त्यानं मोठ्यानं म्हणून दाखवलं नाही.

ती उठली. स्वयंपाकघरातून पितळी खलबत्ता आणायला लागली तेव्हा मात्र त्यानं मदत केली. पेनड्राइव्ह खलात टाकला आणि तिनं डाव्या हातानं बत्ता हाणला. खल टेबलावरून सरकला. एका हातानं खल धरायचा की बत्ता हाणायचा? तिनं कौस्तुभकडे पाहिलं. त्यानं दोन्ही हातांनी खल घट्ट धरला. तिचं वर्षभराचं बोलणं आपल्याच हातात फुटताना त्याला कळत होतं, प्रत्येक घाव कोपरापर्यंत जाणवत होता. प्लॅस्टिक फुटलं, आतली हिरवी चकती फुटली, तरी ती थांबली नाही. वेलदोड्याची पूड व्हावी तशी पूड होईपर्यंत कुटत राहिली.

सकाळी त्यानं डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. त्याच्याकडून किल्ल्यांचं काम काढून घेतलं, वायरी आणि एसी तेवढं ठेवलं. नवी पेटी आली तेव्हा किल्ल्या तीन कार्डांशिवाय घडणार नाहीत अशी मांडणी झाली. एक कार्ड डॉक्टरांकडे, एक पुण्याच्या इंजिनिअरकडे. तिसरं कुणाकडे ठेवायचं असा प्रश्न निघाला तेव्हा ऋजुतानं डावा हात वर केला. पुढच्या खंडेनवमीसाठी कपाटावर पाटी लागली, 'आरती उंबऱ्यावरून'. अक्षर शार्दूलचं होतं.

आणि भिंतीपलीकडे रोज दोन तास पहिल्यापासून सुरू झालं. पाणी, पंखा, पडदा. कौस्तुभ अलीकडे बसायचा. समोरच्या सर्व्हरमधून तिचे शब्द वाहत असायचे, आणि तिथे नोंद नव्हती, किल्ली नव्हती, बघायला काहीही नव्हतं. हिरवा दिवा तेवढा दिसायचा. मध्येच हसणं यायचं. हसण्याला कुठलंच मानक कुलूप घालत नाही. मत्सर गेला का? छे! तसाच होता, ठसठसत होता. फक्त आता तो घेऊन नुसतं बसून राहावं लागायचं.

होळीच्या सुमारास एके दिवशी घरी आल्यावर ऋजुतानं पट्टा काढला नाही. जेवायला बसली तीही पट्टा घालूनच. कौस्तुभ आमटी वाढायला वाकला होता. बटण खरखरलं.

"मी तुला..."

त्याच्या हातातली पळी हवेतच राहिली. पुढचे शब्द त्याच्या जिभेवर तयार होते. इतके महिने तो त्यांचीच वाट बघत होता. त्यानं ओठ मिटले.

"मी तुला... अजून... माफ..."

आमटीचा थेंब टेबलावर पडला. पुढे काय ते त्याला पक्कं माहीत होतं. नुसतं 'केलं' म्हणायचं, की तिचा त्रास वाचला असता. तो थांबला. भाकरी निवत होती. तिच्या कपाळावर आठी पडली होती, गळ्याची शीर हलत होती, आणि ती शब्द शोधत असलेली तो पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होता.

"...केलेलं नाही," ऋजुता म्हणाली.

वाक्य संपलं होतं. तिनं त्याच्याकडे नीट बघून मान हलवली, म्हणजे चुकून आलं नव्हतं. आजारपणानंतर तिनं घरात म्हटलेलं ते पहिलं पुरं वाक्य होतं. कौस्तुभनं ते मध्ये न तोडता ऐकलं, मग तिच्या वाटीत आमटी वाढली आणि समोर जेवायला बसला.